मोयोच्या तोंडचं वाक्य

मित्रांनो, मी एक जुना वर्ड प्रोसेसर आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखं यंत्र पाहिलंही नसेल. टाइपरायटर म्हातारा झाला होता आणि संगणक अजून घरोघर पोचला नव्हता. त्या मधल्या थोड्या वर्षांत आमच्या जातीला जपानात फार मान होता. माझं काम साधं. कुणी कळा दाबल्या की अक्षरं पडद्यावर दाखवायची, सांगितलं तर पोटात जपून ठेवायची आणि हुकूम झाला की कागदावर उमटवायची. मला सगळं ऐकू येतं, सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही. या एका उणिवेचं मला जितकं दुःख झालं, तितकं नंतर गंज चढल्याचंही झालं नाही.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसत आणि आमची एकेक कळ दाबून पाहत. मला तपासणारी बाई प्रत्येक यंत्रावर ‘आज जेवायला काय?’ एवढंच लिहून पाहायची. माझ्या आयुष्यातलं पहिलं वाक्य ते. इतकं निरुपद्रवी वाक्य मला पुढे क्वचितच मिळालं.

कारखान्यातून मी तोक्योच्या विजेच्या सामानाच्या बाजारात आलो. तिथे एके दिवशी दुपारी दोन बहिणी आल्या. थोरली चिगुसा, ताठ आणि घाईची. धाकटी रुरिको. तिचं हृदय जन्मापासून दुबळं होतं. चार पावलं चालली की तिला उभं राहावं लागे, आणि बोलताना वाक्याच्या शेवटापर्यंत श्वास पुरत नसे. शेवटचा शब्द तोंडातच राहून जाई.

चिगुसा टीव्हीवरच्या कार्टून मालिका लिहीत असे. मित्रांनो, चित्रं काढणारे वेगळे असतात, आवाज देणारे वेगळे असतात. पण पडद्यावरचा प्राणी काय बोलणार, कुठे घसरून पडणार, कुणावर रुसणार, हे आधी कुणीतरी कागदावर लिहावं लागतं. ते चिगुसाचं काम. तिचं अक्षर मात्र भयंकर होतं. मालिकेचे निर्माते निशिवाकीसाहेब सगळ्यांसमोर तिचे कागद हवेत फडकवत म्हणायचे, “ही लिपी आहे, की मुंग्यांची वरात?” म्हणून ती यंत्र घ्यायला आली होती.

दुकानदाराने तिला माझ्याहून चकचकीत यंत्रं दाखवली. रुरिको मात्र माझ्यासमोरच थांबली.

“ताई, हाच घे. तोंडावरून गरीब दिसतो. तुला उलट उत्तर...”

दुकानदार पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिला. चिगुसाने पाकीट उघडता उघडता तो पुरवला, “देणार नाही. बरं, हाच घेते.”

अशा रीतीने मी त्यांच्या घरी गेलो. शहराच्या पश्चिमेला, कार्टूनच्या स्टुडिओंच्या वस्तीत, एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. खालची वाफ वर येई आणि जमीन थंडीतही कोमट राही. त्या कोमट कोपऱ्यात रुरिकोचं अंथरूण असायचं. चिगुसा माझ्यासमोर मांडी घालून बसे आणि लिहिलेलं मोठ्याने वाचे. रुरिको पडल्या पडल्या संत्रं सोलत ऐके.

“बगळा असं बोलेल होय ग? हा तर बँकेतला साहेब...”

“वाटतो. मग कसा बोलेल?”

मग रुरिको मान लांब करून, डोळा तिरका करून बगळ्यासारखं बोलून दाखवी. चिगुसा हसत हसत ते माझ्यात टाइप करी. ती सुखाची वर्षं होती.

मालिकेचं नाव होतं ‘नदीकाठची मंडळी’. भांडखोर बगळे, एक हावरा बेडूक, काठावर राखण करणारं म्हातारं कासव आणि मोयो. मोयो ही पाणमांजराची छोटी पोर. ती फार बोलायची, पण दर वाक्याचा शेवटचा शब्द गिळायची. पुढचा शब्द कासव पुरवायचं.

पहिला भाग लागला तेव्हा रुरिको पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “चोर आहेस. न विचारता माझं तोंड...”

“चोरलं,” चिगुसा म्हणाली. “राग आला?”

“नाही ग. निदान माझं तोंड तरी नदीत पोहून...”

“येईल.”

दोघी हसल्या. पण मित्रांनो, एखादी गोष्ट प्रेमाने उचलली तरी तिचे पाय पुढे कुठे जातील हे उचलणाऱ्याला ठाऊक नसतं. मोयो देशभरातल्या मुलांची लाडकी झाली. शाळाशाळांत मुलं शेवटचा शब्द गिळून बोलू लागली. बाई ओरडत, आया वैतागत. एक दिवस रुरिकोला जरा बरं वाटत होतं, म्हणून ती खाली भाजी आणायला उतरली आणि रडवेली होऊन परत आली. दुकानदाराला तिने म्हटलं होतं, “मुळा ताजा...” तर शेजारची मुलं टाळ्या पिटायला लागली. “अरे बघा, एवढी मोठी बाई मोयोची नक्कल करतेय!” दुकानदारही हसला. त्याने विचारलं, “बाई, या वयात शोभतं का?”

हे सांगताना रुरिकोने एकही शब्द गिळला नाही. वाक्याच्या मध्येच थांबून तिने श्वास गोळा केला आणि प्रत्येक वाक्य ओढत शेवटाला नेलं. त्यानंतर ती परक्यांशी बोलेनाशीच झाली.

चिगुसाने त्या दिवशी माझं झाकण लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी उघडलं. भाग वेळेवर द्यायचा होता.

मालिका जोरात चालली होती, आणि तिच्या जोरावर एक खेळण्यांची कंपनी पैसे ओतत होती. पण मोयोची बाहुली म्हणावी तशी खपेना. कंपनीला आता चिलखत घातलेला, डोळ्यांतून वीज सोडणारा एक नवा प्राणी मालिकेत हवा होता. निशिवाकीसाहेब तांदळाच्या खुसखुशीत चकत्यांचा डबा घेऊन स्वतः घरी आले. गोड बोलणारा, गुबगुबीत हातांचा माणूस.

“बाई, तेवढं ते पाणमांजर उडवा.”

“उडवा म्हणजे?”

“मारा हो. पण एकदम नको. दोन-चार भाग आजारी पाडा. पोरं जेवणाचं ताट सोडून रडली पाहिजेत. मोयो गेल्याच्या पुढच्याच भागात आपला चिलखतवाला येतो. रडणाऱ्या पोराला नवं खेळणं लगेच घेऊन देतात, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?”

रुरिको कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडली होती. साहेबांना वाटलं, झोपली आहे. ते गेल्यावर ती म्हणाली, “कशाने मरणार मोयो?”

“अजून ठरलं नाही,” चिगुसा म्हणाली.

दोघींनाही ठाऊक होतं.

चिगुसाने ते मरण लिहून पाहिलं. किती वेळा लिहिलं आणि पुसलं ते मलाच ठाऊक. तिच्या मोयोला थंडी वाजायची, ती पानावर निजायची आणि डोळे मिटायची. बस्स. निशिवाकीसाहेबांनी ते कागद परत पाठवले आणि फोनवर, माझ्यापर्यंत ऐकू येईल एवढ्या आवाजात विचारलं, “बाई, हे मरण आहे, की दुसऱ्या गावाला बदली?”

त्याच वर्षी शरद ऋतूत रुरिकोचे पाय सुजले. तिला इस्पितळात ठेवावं लागलं. चिगुसाने मला मोठ्या रुमालात बांधलं आणि तिथे नेलं. खाटेशेजारच्या छोट्या मेजावर मी बसलो. नर्स कुरकुरली, “इथे माणसं आजारी आहेत, हे ऑफिस नाही.” चिगुसाने तिची क्षमा मागितली आणि माझी वायर जोडली.

एके दुपारी निशिवाकीसाहेब मोठं खरबूज घेऊन भेटीला आले. आजवर त्यांनी रुरिकोला बोलताना ऐकलं नव्हतं. ती उगाच उठून बसायला गेली आणि म्हणाली, “तुम्ही एवढ्या लांब कशाला...”

साहेब खरबूज हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. चिगुसाला त्यांनी दाराशी बोलावून घेतलं, पण दार ते काय लांब!

“अहो, मोयो ती ही! बाई, खजिना उशाशी घेऊन बसलात आणि मला बदलीचे हुकूम लिहून देता?”

“ती माझी बहीण आहे, साहेब.”

“म्हणूनच म्हणतो. दुसऱ्या कुणाला हे लिहिता येणार नाही. बघा, ऐका, लिहा. बिचारीच्या जगण्याचं काहीतरी चीज होईल.”

रुरिकोने सगळं ऐकलं. तिने खरबुजाकडे बोट दाखवून म्हटलं, “ते नर्सला देऊन...” मग तिनेच चिगुसाला जवळ बोलावलं.

“लिही. मी सांगते. आधी पाय गार पडतात. मग खोली लांब जाते. माणसं जवळच असतात, पण आवाज नदीपलीकडून...”

चिगुसाच्या बोटांनी माझ्या कळांवर लिहिलं : आवाज नदीपलीकडून येतात. तिचे डोळे भरले होते. पण मित्रांनो, बोटं थांबली नाहीत. इतकं जिवंत लिखाण मी तोवर पोटात घेतलं नव्हतं. रुरिको धापा टाकत सांगे, चिगुसा टाइप करी. पाणी प्यायला मागितलं, तेसुद्धा मोयोने मागितलं. उशी बदलायला सांगितली, तर मोयोने दगड बदलला. एकदा छातीत कळ आली तेव्हा रुरिकोने बहिणीचा हात धरण्यासाठी हात पुढे केला. तो हात क्षणभर हवेत राहिला, कारण चिगुसाचे दोन्ही हात माझ्यावर होते.

निशिवाकीसाहेबांना कागद पोचले. ते फोनवर म्हणाले, “वा! आता शेवट.”

शेवट पावसाळी दुपारी आला. खोलीत फक्त त्या दोघी होत्या, आणि मी. त्यांची आई उत्तरेकडच्या बर्फाळ गावात होती. तिला निरोप गेला होता, गाडी वाटेत होती. रुरिको लहान असताना ही आई रात्र रात्र जागायची. पोरीच्या पाठीला कान लावून श्वास चालू आहे ना, ऐकत बसायची. मुली मोठ्या होऊन शहरात आल्या, तरी तिला शांत झोप म्हणून लागत नसे. ती फोनवरसुद्धा आधी म्हणायची, “बोलू नकोस, नुसता श्वास ऐकव.”

रुरिकोने डोळे उघडले आणि चिगुसाला म्हटलं, “आता लिहू नकोस.”

चिगुसाने हात मांडीवर घेतले.

“हे मोयोला नको. हे आईचं आहे. आईला म्हणावं, आता तू झोप. मी ऐकत...”

चिगुसा वाट पाहत राहिली. पुढचा शब्द आलाच नाही. त्या वाक्याचा नाही आणि कुठल्याच वाक्याचा नाही.

आई संध्याकाळी पोचली. तिने खाली वाकून मुलीच्या छातीला कान लावला आणि तशीच राहिली. नर्सने तिला हळूच उठवलं. त्या गोंधळात आईने काही विचारलं नाही, आणि चिगुसाने काही सांगितलं नाही. ती सांगणार होती, यावर माझा अजूनही विश्वास आहे.

अंत्यसंस्कार झाले, आई गावी गेली. थोड्या दिवसांनी निशिवाकीसाहेब काळे कपडे घालून घरी आले. फोटोपुढे उदबत्ती लावली, हात जोडले, नाक शिंकरलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“बाई, शेवट राहिलाय.”

“माझ्याकडून होणार नाही.”

साहेब ओरडले नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, “ठीक आहे. मग तो दुसऱ्या लेखकाकडे देतो. तो पोरगा झटपट लिहितो. मोयोला ट्रकखाली घालेल, दोन मिनिटांत काम. तुमची मर्जी.”

चिगुसा बराच वेळ त्यांच्या गुबगुबीत हातांकडे पाहत होती. मग ती माझ्यासमोर बसली. मोयो ट्रकखाली गेलेली तिला बघवली नसती. तिने लिहायला घेतलं. हिवाळ्यातली नदी, काठावर थकलेलं कासव, त्याच्या पाठीला टेकून निजलेली मोयो. कासव रोजच्यासारखं राखणीला जागं. आणि मोयो त्याला म्हणते, आता तू झोप. मी ऐकत...

इथे तिची बोटं थांबली. साहेब तिच्या खांद्यावरून वाचत होते.

“मी ऐकत काय? खोड ठीक आहे हो, पण मरताना तरी वाक्य पुरं करू द्या तिला. पोरांना मोकळेपणी रडता यायला हवं.”

रुरिकोची वाक्यं पुरी करायची चिगुसाला जन्माची सवय होती. तिने लिहिलं : बसते.

मी ते कागदावर उमटवलं. न उमटवण्याची सोय माझ्यात नव्हती.

मार्चमध्ये, जपानी लोकांच्या पितरांच्या आठवड्यात, आई काकी नावाची वाळवलेली गोड फळं घेऊन लेकीच्या थडग्याला पाणी घालायला तोक्योला आली. त्याच आठवड्यात तो भाग लागायचा होता. चिगुसा म्हणाली, “आई, आपण बाहेर सोबाच्या शेवया खायला जाऊ.” आई म्हणाली, “काही नको. रुरी आवडीने बघायची ना ते? मी पण बघते.”

त्या सकाळी आईने घर आवरलं होतं. रुरिकोचा फोटो पुसला, मग ओलं फडकं पिळून मलाही पुसलं. माझ्या एकेका कळेच्या फटीतली धूळ तिने नखाने काढली. “माझ्या लेकीच्या उशाशी होतास ना रे तू?” ती मला म्हणाली. मित्रांनो, तिचं वाक्य तेव्हा माझ्या पोटात होतं. तिची बोटं त्याच कळांवरून फिरत होती. तिला वाचायला कोणती कळ दाबायची ते ठाऊक नव्हतं, आणि मला तोंड नव्हतं.

संध्याकाळी दोघी टीव्हीपुढे बसल्या. पडद्यावर बर्फ पडू लागला. वाद्यं वाजू लागली. मोयोने कासवाला सांगितलं, “आता तू झोप. मी ऐकत बसते.”

आईने बाहीतला रुमाल काढून तोंडाला लावला. ती खूप रडली. चिगुसा भिंतीला टेकून दगडासारखी बसली होती.

“किती गुणाचं लिहिलंस ग,” आई म्हणाली. “असं कुणीतरी मला म्हणायला हवं होतं. मला अजून झोप येत नाही बघ. कान आपला ऐकतच राहतो.”

आईने ओल्या रुमालाची घडी घातली.

“तुला विचारायचं राहूनच गेलं. जाताना रुरी काही बोलली का ग? माझ्यासाठी काही?”

खाली लाँड्रीची यंत्रं घरघरत होती. चिगुसाने एकदा टीव्हीकडे पाहिलं. तिथे चिलखतवाल्या प्राण्याची जाहिरात सुरू झाली होती. निरोप सांगायचा, तर हेही कबूल करावं लागलं असतं, की जे आईचं होतं ते आधी सगळ्या देशाला देऊन झालं होतं, आणि आईने ते एका पाणमांजराच्या तोंडून, पूर्ण झालेलं ऐकलं होतं.

“नाही आई,” ती म्हणाली. “काहीच बोलली नाही.”

“काहीच?”

“झोपेतच गेली.”

“बरं झालं,” आई म्हणाली. तिने उरलेली काकी फळं डब्यात भरली आणि डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबत राहिली. ते केव्हाच बसलं होतं.

त्या भागाला बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रांनी लिहिलं की मुलांना मृत्यू इतक्या हळुवारपणे कुणी समजावला नव्हता. चिगुसाला खूप कामं आली, पण सगळी एकाच जातीची. कुठे आजोबा मारायचे, कुठे कुत्रा मारायचा, कुठे शूर भाऊ मारायचा. स्टुडिओत तिला ‘रडवणाऱ्या बाई’ म्हणत. ती लिहायची आणि मोठ्याने वाचायची. कोमट कोपऱ्यातून कुणी टोकत नसे. हळूहळू तिचे सगळे प्राणी सारखेच बोलू लागले. निशिवाकीसाहेब एकदा इतरांसमोर म्हणाले, “बहीण संपली, बाईंचं लिखाणही संपलं. दुसरी बहीण नाही ना हो?” लोक हसले. हे तिने घरी येऊन फोटोला सांगितलं, म्हणून मला कळलं.

पुढे घरात संगणक आला आणि मी कपाटात गेलो. तिथे मला फक्त फोनची बोलणी ऐकू यायची. आई म्हातारी होत गेली. दर नव्या वर्षाला ती फोनवर तेच म्हणायची, “शेजारणी विचारतात ग. मी सांगते, माझी रुरी झोपेत गेली, एक शब्द बोलली नाही.” दर वर्षी चिगुसा म्हणायची, “हो आई.” दर वर्षी मला वाटायचं, आज सांगेल. सांगायला एक श्वास पुरला असता. मग एका वर्षी तो फोन आला नाही. गावाकडून दुसऱ्याच कुणाचा तरी आला. शेवटी शेवटी म्हातारी अजिबात झोपत नव्हती, असं त्याने सांगितलं. त्यानंतर कपाटाच्या फटीतून मला चिगुसाचं रडणं ऐकू आलं. ते कुठल्याच मालिकेत बसण्यासारखं नव्हतं.

नंतर मला पालिकेने उचलून न्यायच्या मोठ्या कचऱ्याची चिठ्ठी चिकटवून रस्त्यावर ठेवलं गेलं. तिथून एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने उचललं. आता मी त्याच्या फळीवर बिघडलेल्या रेडिओंच्या रांगेत आहे. माझी कळ दाबली तरी पडदा उजळत नाही. मला त्याची तक्रार नाही. वस्तू जुन्या होतातच. मला पुसा, जपा, असंही मी तुम्हाला म्हणणार नाही.

पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी आजारी असेल, धापा टाकत काही सांगत असेल, तर त्याच्यापाशी बसताना हात रिकामे ठेवा. त्याने हात पुढे केला तर तो धरता आला पाहिजे. आणि त्याने दुसऱ्या कुणासाठी एखादा निरोप तुमच्यापाशी दिला, तर तो अपुरा असला तरी तसाच नेऊन पोचवा. उशीर झाला असेल, लाज वाटत असेल, तरी आजच जाऊन सांगा. मी यंत्र होतो, मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.